बिऱ्हाडातलं पाणी

ऑक्टोबर संपत आला की मी बिऱ्हाडातलं पाणी काढतो.

बिऱ्हाड म्हणजे आमचा ट्रेलर. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं एका खोलीचं घर. कॅरॅव्हॅन हा शब्द मी पुण्यात असताना वाचला होता. इथे अमेरिकेत तो फारसा कुणी वापरत नाही. आई आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा दारातलं ते पांढरं प्रकरण बघून म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर." तेच नाव पडलं. माझ्या मुलीनं विंचू फक्त चित्रात पाहिला आहे, पण तीही मैत्रिणींना सांगताना 'अवर बिऱ्हाड' असंच म्हणते.

वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या बेलव्ह्यूची थंडी तशी सोसण्यासारखी असते. इथला हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस, तोही धो धो नव्हे, रडत्या पोरासारखा दिवसभर पिरपिर करणारा. पण मधल्या काही रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि पाइपांना तेवढं पुरतं. पाणी गोठलं की फुगतं आणि फुगलं की ज्यात असेल ते फोडतं. माझ्या ऑफिसातला एकजण 'बघू, करू' म्हणत बसला. वसंतात त्यानं ट्रेलर उघडला, नळ सोडला, आणि नळ वगळून बाकी सगळीकडून पाणी आलं. तो नागपूरचा आहे, त्यामुळे त्यानं ही गोष्ट सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी सांगितली.

मला हे काम आवडतं. एकाच्या पुढे एक अशा ठरलेल्या पायऱ्या, प्रत्येकीचं कारण स्वच्छ, आणि दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. आठवडाभर मी माणसांच्या मीटिंगांमध्ये बसतो. तिथे कुठलीच तोटी उघडून काही बाहेर येत नाही. म्हणून हा एक शनिवार मी माझा समजतो आणि त्यात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. बायको हे ओळखून आहे. ट्रेलर घराच्या बाजूच्या पट्ट्यात मागे घेताना ती हात दाखवते, कुंपणाचं दार लावते आणि आत निघून जाते. ट्रेलर कुंपणाआड लागतो कारण रस्त्यावरून तो दिसला तर एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीच्या कमिटीची, ताकीद येते. माणसं पुण्याची असोत की वॉशिंग्टनची, कमिटी इथूनतिथून सारखीच.

गेल्या वर्षी गारठा लवकर आला. शुक्रवारी फोनवर हवामान पाहिलं तर शनिवारच्या रात्रीच पाणी गोठणार होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी चहा झाल्याझाल्या मी कामाला लागलो. आधी ज्या वस्तूंना थंडी बाधते त्या बाहेर काढायच्या. डबाबंद खाणं, शांपूच्या बाटल्या, टॉर्च, प्रथमोपचाराची लाल पेटी, अंथरुणं. हे सगळं मी गराजमध्ये नेऊन भिंतीशी रचलं. मग ट्रेलरच्या पोटाखाली आडवा झालो आणि गरम आणि गार पाण्याच्या दोन तोट्या उघडल्या. उन्हाळाभर वापरलेलं पाणी खडीवर सांडायला लागलं.

तेवढ्यात मला आईच्या चपला दिसल्या. चपला, त्यात लोकरी मोजे, वर साडीची निरी.

"सगळं पाणी काढतोस का रे?" तिनं विचारलं.

"सगळं."

"थेंब न् थेंब?"

"थेंब न् थेंब. तू आत जा, गार आहे."

चपला गेल्या नाहीत. थोड्या वेळानं ट्रेलरच्या पायरीवर चढल्या. मग माझ्या डोक्यावर पावलं वाजायला लागली, कपाटं उघडल्याचा आवाज, मिटल्याचा आवाज. मी गीझरचं पाणी काढायला बाहेर आलो तेव्हा आई आतून बाहेर येत होती. मी आत गेलो तर पुन्हा माझ्यामागून आत आली. ट्रेलरमध्ये दोन माणसं उभी राहिली की एकाला वळता येत नाही. मी चिडलो.

"आई, तुला नक्की काय हवंय?"

तिनं पदर नीट केला, माझं जुनं जॅकेट त्यावर ओढून घेतलं आणि म्हणाली, "माझा गडू आत आहे."

"कसला गडू?"

"गंगेचा. दुसरा कसला असणार?"

हा गडू काय ते सांगायला हवं. आईबाबा काशीला जाऊन आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे गंगेचे दोन गडू आणले. तांब्याचे, पेरूएवढे, तोंडाला डाख देऊन कायमचे बंद केलेले. एक मावंद्याच्या जेवणाला फोडला आणि त्याचं तीर्थ आल्यागेल्याला दिलं. दुसरा देवघरात राहिला. तो शेवटच्या घटकेसाठी. माणूस जायला लागलं की गडू फोडायचा आणि तुळशीच्या पानानं दोन थेंब तोंडात सोडायचे. दोघांत जो आधी जाईल त्याच्यासाठी दुसऱ्यानं फोडायचा असं त्यांचं ठरलं होतं. नवराबायको या गोष्टी कधी बोलतात कोण जाणे, बहुधा दुपारच्या चहाला.

बाबा आधी गेले. ते आयसीयूत होते आणि आई बाहेरच्या बाकावर पिशवीत गडू घेऊन बसली होती. तोंडात नळी आहे, काही घालता येणार नाही, असं आतून सांगण्यात आलं आणि दार बंद झालं. मी तेव्हा विमानात होतो. गडू गेला तसा परत देवघरात आला. आईनं यावरून कुणाला कधी बोल लावला नाही. पुढे पुण्याचं घर आवरून ती इथे आली तेव्हा बॅगेत साड्यांच्या मधोमध तो गडू होता. आता तो तिच्यासाठी होता आणि फोडणारा मी होतो. मी या गोष्टी मानत नाही. तिला ते ठाऊक आहे. ती मानते हे मला ठाऊक आहे. एका घरात राहायला एवढी समजूत पुरते, असं मी धरून चाललो होतो.

"तो ट्रेलरमध्ये कशाला आणलास?"

"तुम्ही उन्हाळाभर डोंगरादऱ्यांतून फिरवता मला. जिथे फोन लागत नाही तिथे झोपवता. तिथे काही झालं तर?"

"मग मला सांगायचं ना."

"तू वजन केलं असतंस."

मी केलंच असतं. ट्रेलरमध्ये किती वजन चालतं ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं, आणि मी ते पाळतो. पहिल्या सहलीला आईनं दगडी खलबत्ता घेतला होता. तो मी उतरवून ठेवायला लावला. पोळपाट चालेल, खलबत्ता नाही, असा निवाडा दिला. तेव्हापासून तिनं मला विचारणं सोडलं आणि लपवणं सुरू केलं.

"बरं. कुठे ठेवलायस?"

"तेच आठवत नाही," आई म्हणाली. अगदी सहज, हवेबद्दल सांगावं तसं.

मी तिला समजावलं की घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आजच्या आज सापडायला हवा. आज रात्री पाणी गोठणार आहे. गडू काठोकाठ भरलेला असेल तर त्याचा डाख सुटेल, नाहीतर पत्रा फाटेल.

"गंगा बर्फातूनच येते," ती म्हणाली. "तिला तू थंडीचं काय सांगतोस?"

"मग राहू दे ना आत. मार्चमध्ये आपोआप सापडेल."

"मार्चमध्ये! आणि मधे माझं काही झालं तर? कुलूप काढून, कव्हर काढून, कपाटं उचकून मग येणार का तू माझ्याकडे?"

ती हे रागानं म्हणाली नाही. दूधवाल्याचा हिशोब लक्षात आणून द्यावा तितक्या कोरडेपणानं म्हणाली. पण ती पायरीवर बसली आणि तिथून उठायचं काही लक्षण दिसेना, तेव्हा मी ओळखलं की शनिवार आता माझा राहिलेला नाही.

मी बायकोला हाक मारली. ती पोह्यांची बशी हातात घेऊनच आली. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही आधी इथे बसून खाऊन घ्या. आम्ही बघतो." मग मला हळूच म्हणाली, "तू जिथे रोज हात घालत नाहीस तिथे असणार. तुझ्यापासून लपवलाय ना."

हा तर्क मला पटला. पाणी काढायच्या कामात मी तसाही ट्रेलरचा कोपरा न् कोपरा पाहणार होतो. तेव्हा दोन्ही कामं बरोबरच करायची ठरवली. गाद्या उचलून उभ्या केल्या, कारण ओलीनं खालून बुरशी धरते. बाकांची झाकणं काढली. आणि मग गेल्या काही उन्हाळ्यांचं आईचं गुप्त भांडार उघडं पडायला लागलं.

एका बाकाखाली कॉफीच्या दुकानांतल्या साखरेच्या पुड्या होत्या, एक पिशवी भरून. दुसऱ्यात कागदी रुमाल आणि धुऊन वाळवलेले प्लॅस्टिकचे चमचे. सिंकखाली, पाइपांच्या मागे, बडीशेपेची बाटली आणि सुपारी. मेतकुटाचा डबा ब्लँकेटच्या घडीत. हिवाळाभर हे आत राहिलं असतं तर अख्ख्या वॉशिंग्टनच्या उंदरांना आवतण गेलं असतं. आणि पलंगाच्या खोक्यात, माझ्या बाजूच्या, जुन्या शालीत गुंडाळलेला खलबत्ता. बत्त्यासकट.

बायको पलंगाच्या कडेवर बसून हसायला लागली. "दरवर्षी तू हा ओढत होतास. घाटातून. आणि माझ्या पुस्तकांचं वजन करत होतास."

"तो तिथेच आहे, मला माहीत आहे," पायरीवरून आई म्हणाली. "तो कुठे हरवलाय?"

खरं म्हणजे मला हसू येत होतं, पण मी ते दाबलं. खलबत्ता खाली ठेवताना त्याचा जो आवाज झाला त्यावरून मला काय वाटलं ते सगळ्यांना कळलं असावं.

दुपारी मुलगी उठून आली. ती कॉलेजातून घरी आली की दुपारीच उठते. आजीला कपाटात डोकं घातलेलं बघून तिनं विचारलं, "आजी, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?"

"माझा गडू."

"द कॉपर थिंग? फॉर व्हेन यू..." ती थांबली.

"हो, तोच. मरतानाचा," आई म्हणाली. "बघ बरं, तुझे डोळे चांगले आहेत."

मुलीनं फोनचा दिवा लावला आणि गुडघ्यांवर बसून ओव्हनच्या मागे बघायला लागली. मी तिला मराठीत कितीदा सांगितलं तरी ती स्वतःचं अंथरूण काढत नाही.

गुलाबी औषध भरायची वेळ झाली होती. हे न गोठणारं पाणी असतं, पंपानं ओढून घेऊन सगळ्या पाइपांत खेळवायचं, म्हणजे जो थोडा ओलावा राहिला असेल तोही गोठत नाही. एकेक नळ उघडायचा आणि गुलाबी धार येईपर्यंत थांबायचं. मी पंप चालू केला. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. नळ आधी खाकरला, मग साधं पाणी आलं, मग फिकट, मग गुलाबी.

"हे पिता येतं का?"

"नाही."

"मग आता या घरात पिण्यासारखं काहीच नाही," ती म्हणाली.

तिनं ओव्हन उघडला, आत हात घालून चाचपलं, बंद केला. मी न्हाणीतला नळ उघडायला गेलो. परत आलो तर ती ओव्हन उघडत होती. "इथे नाही बघितलं अजून," ती म्हणाली, आणि पुन्हा हात घालून तसंच चाचपलं. बायको माझ्याकडे बघत होती. सकाळीही आईनं तेच केलं होतं, आणि माझ्या डोक्यावर वाजणारी ती पावलं आणि कपाटांचे आवाज म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. ती शोधत नव्हती, त्याच त्याच जागा नव्यानं उघडत होती.

माझा राग तिथल्या तिथे उतरला आणि मला भीती वाटली. गडूची नाही. जी बाई खलबत्ता कुठे आहे ते पायरीवर बसून सांगते ती दोन मिनिटांपूर्वी उघडलेला ओव्हन विसरते, याची. उन्हाळ्यात तिनं एकदा भाताला दोनदा मीठ घातलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो. मी नळ बंद केला आणि म्हणालो, "आई, तू आत जाऊन पड. मी काढतो शोधून. माझ्यावर सोड."

"तुझ्यावरच तर सोडायचं आहे," ती म्हणाली, आणि गेली.

उतरत्या उन्हात मी राहिलेली कामं उरकली. बॅटरी काढली. गॅस बंद केला. फ्रिजचं दार फडकं अडकवून उघडं ठेवलं. कमोडमध्ये गुलाबी औषध ओतलं. हे करताना प्रत्येक वेळी डोळे गडू शोधतच होते. छतावरच्या पंख्याच्या चौकटीत पाहिलं, चाकावरच्या पोकळीत पाहिलं, आणि ज्या जागी पेरू काय, लिंबूही मावणार नाही तिथेसुद्धा बोटं घालून पाहिली. शेवटचं काम उंदरांच्या वाटा बुजवण्याचं. जिथून पाइप नाहीतर वायर आत येते तिथे बारीक भोक राहतं, त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची. सिंकखालच्या भोकात घासणी दाबताना पत्र्याची कड लागली आणि माझं बोट चांगलंच कापलं.

मी बोट धरून गराजमध्ये गेलो. डाव्या हातानं भिंतीशी रचलेल्या सामानातून लाल पेटी ओढली आणि झाकण उघडलं. पट्ट्यांची गुंडाळी उचलली. तिच्याखाली मुलीचा लहानपणीचा एक मोजा होता, तोंडाशी गाठ मारलेला, आणि त्यात काहीतरी गोल.

दिवसभर तो तिथे होता. सकाळी सगळ्यात आधी मीच तो उचलून आणून ठेवला होता, आणि नंतर अख्खं बिऱ्हाड उसवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे बायको पुढे म्हणणारच होती, म्हणून मी आधीच मनात म्हणून घेतलं.

गडू हातात घेतला तर फार हलका लागला. कानाशी धरून हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. तोंडाच्या डाखाशी निरखून पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, त्याच्या कडेला हिरवट डाग. पाणी कधीचं उडून गेलं होतं. गोठायला आत काही नव्हतंच.

एका हातानं बोटाला पट्टी लावता येत नाही. मी रक्त पुसत उभा राहिलो आणि विचार करायला लागलो. तिला सांगावं की नाही. सांगितलं तर तिच्याकडे काय राहतं? नाही सांगितलं तर गडू तसाच देवघरात राहील, आणि ज्या दिवशी फोडायचा त्या दिवशी आतून काहीच निघणार नाही, ते मला दिसेल, आणि तिला दिसण्याच्या पलीकडे ती असेल. बारीक सुईनं त्या भोकातून साधं पाणी भरावं आणि वरून पुन्हा डाख द्यावा, असाही विचार आला. माझ्याकडे डाख द्यायची कानस-सोल्डर सगळी सामग्री होती. तेवढं काम मला येतं.

गराजचं आतलं दार उघडलं आणि आई आली. तिनं आधी माझं बोट बघितलं. पेटीतली पट्टी काढली, कागद सोलला आणि लावली. मग माझ्या दुसऱ्या हातातला गडू बघितला.

"हां," ती म्हणाली. "इथेच ठेवला होता मी. काही झालं तर तू हीच पेटी उघडशील म्हणून."

"बरोबर ठेवला होतास."

तिनं तो माझ्या हातातून घेतला, मी धरला होता तसाच कानाशी धरला आणि हलवला.

"रिकामा आहे," ती म्हणाली.

मी पट्टीचा सोललेला कागद उचलला.

"पुण्याहून निघतानाच रिकामा होता. बॅग भरताना कळलं मला."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मग आज दिवसभर कशासाठी आम्हाला..."

"अरे, पाणी कुठलंही चालतं," आई म्हणाली. "नळाचं घाल. तुझ्या बाबांच्या वेळी गडू भरलेला होता आणि दार बंद होतं. काय उपयोग झाला त्या पाण्याचा? घालणारं माणूस आत असावं लागतं." तिनं गडू मोज्यात घातला आणि गाठ मारली. गाठ जमायला तिला वेळ लागला. "मला आता विसरायला होतं. आज तू बघितलंस, आणि तू बघितलंस हे मीही बघितलं. त्या वेळी मला तुला सांगायचं आठवेल की नाही, कोण जाणे. म्हणून काहीतरी दिसेल असं हवं. तू बघितल्याशिवाय काही करत नाहीस. लहानपणापासून तसाच."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी विचारलं, "मग आता कुठे ठेवायचा?"

"होता तिथेच राहू दे. ती पेटी फक्त घरात आण. आणि अधूनमधून उघडत जा, कापायची वाट बघू नकोस."

मी पेटी घरात आणली, जिन्याखाली माझी हत्यारं असतात तिथे ठेवली. अंधार पडायच्या आत बायकोनं आणि मुलीनं मला बिऱ्हाडावर कव्हर चढवायला मदत केली. मुलीनं दोऱ्या बांधल्या, आणि एका गाठीशी थांबून विचारलं, "बाबा, डू आय हॅव टू डू इट टू? फॉर यू?" मी म्हणालो, तेव्हाचं तेव्हा बघू. मग म्हणालो, "हो." तिनं "ओके" म्हटलं आणि पुढची गाठ मारली.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा छपरांवर पांढरं पडलं होतं. कुंपणाआड बिऱ्हाड उभं होतं आणि त्यात फुगून काही फोडेल असा एक थेंब नव्हता. काम चोख झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, नळाखाली पेला भरला, चमचा घेतला आणि आईच्या खोलीत गेलो. ती उशीला टेकून जागीच होती.

"चहा नाही आणलास?"

"आधी हे."

"काय आहे?"

"पाणी. नळाचं." मी पलंगाच्या कडेवर बसलो. "सराव."

तिनं माझ्याकडे बघितलं. पट्टी लावलेल्या बोटाकडे बघितलं. मी चमचा भरून पुढे केला. दोन थेंब तिच्या पांघरुणावर पडले. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"गार आहे फार," गिळून झाल्यावर ती म्हणाली. "त्या वेळी कोमट कर. आणि घाई करू नकोस, ठसका लागतो."